गुहेतल्या माणसाचं हसू

म्युझियमच्या पायऱ्यांवरच आईने माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला सुरुवात केली. "चल की लवकर! तुझं आवरेपर्यंत माझी नजर जायची."

नजर खरंच चालली होती. काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. ते ऐकून आई रडली नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, "मग मला एकदा ह्यांना बघून येऊ दे."

'हे' म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर ते याच म्युझियममध्ये प्लास्टरचे पुतळे करायचे. वरच्या मजल्यावर आदिमानवाची गुहा आहे, तिच्यात जाळ पेटवत बसलेला माणूस त्यांनीच केलाय. त्याच्या चेहऱ्यासाठी साचा द्यायला कुणी तयार होईना. नाकात नळ्या खुपसून तोंडावर प्लास्टर थापून घ्यायची हौस कुणाला असणार? शेवटी बाबाच स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवे झाले आणि प्लास्टर थापलं आईने. थापता थापता ती काहीतरी चावट बोलली म्हणे. काय ते मला अजून सांगितलेलं नाही. बाबांना हसू आवरेना, आणि साच्यात ओठाचा एक कोपरा वर गेला तो गेलाच. म्युझियमच्या साहेबांच्या काही लक्षात आलं नाही. आदिमानव आपला गालातल्या गालात हसत बसला.

बाबांचं तेवढंच हसू उरलंय. फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. कॅमेरा दिसला की हा माणूस पाठ फिरवायचा, आता काय करणार!

आईला गुहेसमोरच्या कठड्याशी उभं केलं, वर बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अंग बाबांनी केलेलं, हातही तेच, पण वर डोकं भलतंच. जाड भुवया, पुढे आलेला जबडा, घट्ट मिटलेले ओठ.

दाराशी राखणदार उभा होता. त्याला गाठून हळूच विचारलं, "त्याचं डोकं कुठे गेलं?"

"बदललं ना, ताई. त्या काळची माणसं तशी दिसायची नाहीत, असं मोठे साहेब म्हणाले."

"आणि जुनं?"

"ते फोडलं. गेलं राडारोड्यात."

"फोडलं? असं कसं फोडलं? कुणाला विचारून?" मी भडकलेच.

तो बिचारा टोपी सारखी करत म्हणाला, "ताई, मी इथे नुसता उभा असतो."

त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता? आणि मोठ्या साहेबांवर ओरडले असते तरी डोकं थोडंच परत येणार होतं! रडू आलं, ते गिळलं.

परत आले तर आई कठडा धरून, मान उंच करून बघत होती.

"दिसतात?" मी विचारलं.

"हात दिसतात गं. चेहऱ्यावर नुसतं धुकं." तिचा आवाज बारीक झाला. "आधीच यायला हवं होतं. हसतायत ना अजून?"

तिला हाताला धरून सरळ घरी न्यावं असं वाटलं.

"हसतायत," मी म्हटलं.

"मेलं ते हसू!" आई खुलली. "बरं, कोणता कोपरा वर आहे गं? डावा की उजवा? हल्ली मला नक्की आठवेनासं झालंय. तू बघून सांग, म्हणजे तेवढं ध्यानात ठेवते."

मी त्या परक्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणापासून इतक्यांदा इथे आलेली मी, बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची नुसती धडपड करत होते. येत होता तो ओळखपत्रावरचा.

"अगं, सांग की!"

"डावा," मी ठोकून दिलं.

"डावा?" आईने मान हलवली. "मी आपली उजवा धरून बसले होते. बरं झालं बाई तुला विचारलं."