जावयाची गाडी

"काका, तीन दाखवून राह्यलं."

चंपत हे इतक्या हळू बोलला की मी स्कॅनरऐवजी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. अकरा वर्षांत तो माझ्याशी कधी कुजबुजला नव्हता. शोरूमच्या मागे आमचं वर्कशॉप; तिथं ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही. पण लिफ्टवर उभी असलेली गाडी माझ्या जावयाची होती, आणि ते चंपतला माहीत होतं.

तीन म्हणजे काय ते सांगतो. हल्लीच्या डिझेल गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, टर्बोनं हवा किती कोंबायची, सगळं तो ठरवतो. त्यातला प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याचा आकडा त्याच्याच पोटात राहतो. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा एक. बाहेर कुठं ट्यूनिंग करून ताकद वाढवून घेतली की दोन. आणि ते लपवायला मूळचा प्रोग्राम पुन्हा भरून आणला की तीन. हा आकडा काही केल्या मागे जात नाही. एकापेक्षा जास्त दिसला की वॉरंटी खलास. टर्बो फुटो नाहीतर इंजिन बसो, कंपनी हात वर करते. आणि हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं काम माझं. मी व्यंकटराव, वॉरंटी इन्चार्ज. आदिलाबादेत याच धंद्यात सव्वीस वर्षं काढली.

"काय लिहू?" चंपतनं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

थांब कशाला? दोनच महिन्यांपूर्वी मी थांबलो नव्हतो. नार्नूरचा मोतीराम आला होता, मास्तरलोकांना गाडीतून शाळेत सोडणारा. जावयाच्या गाडीसारखाच त्याचाही टर्बो गेलेला. त्याच्या गाडीवर दोन आला. त्या बिचाऱ्याला मूळचा प्रोग्राम भरून आणायचीही अक्कल नव्हती. हात जोडून म्हणाला, "साहेब, गाडी चढावर दमते मनून एकानं करून देलं. मले काय मालूम वारंटी जाते मनून?" मी काय केलं? चष्मा कपाळावर सरकवला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नियम ऐकवले. कंपनीशी खोटं वागता? दस्तखत करताना कागद वाचला नव्हता? मोतीराम मान खाली घालून निघून गेला. मॅनेजर पाठ थोपटून तेलुगूत म्हणाला, "व्यंकटराव गारू, मीरु चाला स्ट्रिक्ट!" म्हणजे, तुम्ही फार कडक. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाताना जिलबी घेऊन गेलो.

जावयाच्या गाडीचं ट्यूनिंग कुणी करून दिलं, हे मला शोधावं लागलं नाही. ते मीच दिलं होतं. वाण म्हणून.

अधिक महिना होता. लेक-जावई धोंड्याचं जेवायला आले होते. आदित्यराव मंचेरियलला कोळसा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला, आणि लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणून आमच्या हिनं, चारुशीलानं, कंबर कसली होती. मोजून तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीचं निरांजन. आदित्यराव पाटावर बसले आणि हसत हसत म्हणाले, "मामाजी, निरांजन घेऊन मी काय करू? द्यायचंच असेल तर गाडी ट्यून करून द्या. हैदराबादला करतात. माझ्या मित्राची काय पळते म्हणून सांगू!"

माझ्या घशात घास अडकायला हवा होता. अहो, माझंच खातं ते! वॉरंटी जाते, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण वाढता वाढता चारुशीलानं माझ्याकडे बघितलं. लग्नात मानपानावरून त्यांच्याकडचे रुसले होते, आणि ते आमच्या पूर्णिमाला वर्षभर ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यातून जावयानं धोंड्याच्या ताटावर तोंड उघडून काही मागावं आणि सासऱ्यानं नाही म्हणावं, असं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी वर छाती फुगवून म्हणालो, "खुशाल करा, खर्च माझा. काही झालं तर मी आहे ना तिथं बसलेला!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

चंपतला थांबवून मी वेटिंग हॉलमध्ये गेलो. आदित्यराव मोबाइल बघत कॉफी पीत होते.

"आदित्यराव, ते ट्यूनिंग दिसतंय."

"असं कसं? येण्याआधी परत ओरिजिनल करून घेतलंय मी."

"तरी दिसतं."

त्यांनी कप खाली ठेवला. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं. ते नुसते म्हणाले, "मामाजी, तुम्हीच म्हणाला होता ना, मी आहे म्हणून? मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. आता घरी पप्पांना काय सांगू?"

पप्पा काय म्हणतील आणि ते कुणाला म्हणतील, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. वर्कशॉपपर्यंतच्या पन्नास पावलांत मला पूर्णिमाचा चेहरा दिसत होता. एकीकडे लेकीच्या घरातली शांतता, दुसरीकडे माझं सव्वीस वर्षांचं नाव. यातलं एक सोडायला हवं होतं. मला दोन्ही हवं होतं, आणि तिथंच मी माती खाल्ली.

चंपत हातात फॉर्म घेऊन तसाच उभा होता. खोटं लिही, असं मी त्याला म्हणालो नाही. तेवढीही धमक नव्हती माझ्यात. मी विचारलं, "चंपत, तुला किती दिसलं?"

स्कॅनर आम्हा दोघांच्या मधे, त्यावर ठसठशीत तीन. चंपत बेल्याकडच्या एका खेड्यातला, घरी कापूस-ज्वारीची शेती. त्याला इथं मीच चिकटवलं होतं. स्कॅनर कसा लावायचा, कसा वाचायचा, सगळं मी शिकवलं होतं. बाकी काहीही कर पण दिसलेला आकडा फिरवू नको, हेही मीच बजावलं होतं. त्यानं एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मले तं एक दिसलं, काका."

"मग दिसलं ते लिही."

त्यानं लिहिलं. खाली दस्तखत केलं. त्याच्याखाली मी केलं.

बाराव्या दिवशी कंपनीची इंजिनिअर हैदराबादहून आली. एवढा मोठा भाग कंपनी कधीकधी स्वतः तपासल्याशिवाय देत नाही, हे मला का माहीत नव्हतं? पण माझ्या सहीच्या कागदावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती, त्या माजावर मी होतो. पंचविशीतली पोरगी, माझ्या पूर्णिमापेक्षाही लहान. तिनं स्वतः स्कॅनर लावला, फॉर्म बघितला, पुन्हा स्कॅनर बघितला.

"ये रीडिंग किसने लिया?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण चंपत आधी बोलला.

"मैंने, मॅडम. नजर चुक गई."

"तीन को एक पढ़ लिया?"

"हाँ, मॅडम."

मग ती माझ्याकडे वळली. मॅनेजर शेजारीच उभा. "और आपने भी साइन किया?"

"मैं तो टेक्निशियन का रीडिंग देखकर साइन करता हूँ," मी म्हणालो.

वाक्य अगदी नियमाला धरून होतं. फॉर्मवर तसंच छापलेलं आहे. चंपतनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो स्कॅनरची वायर गुंडाळत राहिला. बघायचं होतं रे बाबा, सगळ्यांसमोर एक शिवी तरी हासडायची होती.

वॉरंटी नामंजूर झाली. मला "यापुढे जरा बघून सही करा," एवढंच म्हणाले. चंपतचा स्कॅनर काढून घेतला आणि त्याला वॉशिंगला टाकलं. डिसेंबरचे दिवस. आदिलाबादची थंडी म्हणजे सकाळी नळाच्या पाण्याला बोट लावायची सोय नाही. तिथं तो गमबूट घालून गाड्यांवर फवारा मारायला लागला.

तिसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. "असं का केलंस रे?"

"आता रिटायरमेंट आलं तुमचं, काका. जाता जाता नाव कायले खराब करता? माह्यं नाव कोणाले मालूम हाय?"

"मी मॅनेजरला खरं सांगून टाकतो."

"सांगा ना," तो म्हणाला आणि पाइप घेऊन पुढच्या गाडीकडे गेला.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये दोनदा गेलो. पहिल्यांदा जाऊन दोन दिवसांची रजा मागितली. दुसऱ्यांदा वॉरंटीचे फॉर्म संपत आलेत, मागवायला हवेत, असं सांगून आलो. फॉर्मचे चार गठ्ठे माझ्या कपाटात पडून होते. घरी चारुशीलानं विचारलं, "झालं का हो जावयाचं काम?" तिला म्हणालो, टेक्निशियननं घोळ केला. घरच्या माणसाशीसुद्धा!

नवा टर्बो आदित्यरावांनी पदरचा घातला. गाडी तयार झाली त्या दिवशी ते पूर्णिमाला घेऊन आले. गाडी धुवायला लावलेली होती. मी दोघांना घेऊन मागे गेलो, तर चंपत गुडघ्यापर्यंत भिजलेला, फडक्यानं पुढची काच पुसत होता. पाण्यानं त्याच्या बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. त्यानं मला नेहमीसारखा नमस्कार केला.

पूर्णिमा त्याच्याकडे बघत होती. मग माझ्या बाहीला धरून, पण चंपतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तिनं विचारलं, "बाबा, हाच का तो? यानंच आकडा चुकीचा लिहिला ना, म्हणून तुम्हाला बोलणी खावी लागली?"

आदित्यराव एकदम खाली वाकून टायर बघायला लागले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

लेक माझ्या बाजूनं चिडली होती. लहानपणी कुणी मला काही बोललं की अशीच चिडायची. एवढं प्रेम अंगावर आलं आणि मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. नाही, असं एकदा म्हणायचं होतं. पुढचं सगळं आपोआप आलं असतं.

"हो," मी म्हणालो.

चंपतनं फडकं बादलीत पिळलं, खांद्यावर टाकलं. मग दोन्ही हात स्वतःच्या शर्टाला कोरडे केले आणि गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"बसा ताई," तो म्हणाला, "सीट पुसली हाय."