चाक सर्वांचं

चौऱ्याहत्तर साली सात रस्त्याजवळ इंदुमतीबाईंनी कुंभारकामाचं केंद्र काढलं आणि दारावर पाटी लावली: ‘चाक सर्वांचं आहे. इथे कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही.’ शिकवायला नागप्पा कुंभार होता. त्याची बायको काशम्मा मागच्या पडवीत माती निवडायची, तुडवायची, मळायची. एक खडा राहिला तरी भांडं भट्टीत तडकतं, म्हणून तीस वर्षं तिची बोटं खडेच शोधत आली होती. कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही घरची रीत. इथं मात्र वकिलांच्या, डॉक्टरांच्या बायका चाकावर बसत आणि घरी कधी धड न बोलणारा नागप्पा त्यांना गोडीगुलाबीनं शिकवी.

एका बाईनं पाटी वाचून दाखवली, तशी काशम्मा उठली आणि सरळ चाकावर जाऊन बसली. गाडगं वर यायला लागलं तोच नागप्पानं चाक थांबवलं.

“ऊठ. जनाची लाज हाय का न्हाय?”

“पाटीवर सर्वांचं लिवलंय की,” म्हणत तिनं इंदुमतीबाईंकडं पाहिलं.

बाई हळूच म्हणाल्या, “तुमच्या घरच्या रीतीत आम्ही कसं पडणार, काशम्मा? आणि तू इथं बसलीस तर माती कोण मळणार?”

काशम्मा उठली आणि पडवीत गेली. त्या आठवड्यात तिनं माती तुडवली, मळली. फक्त निवडली नाही.

भट्टी उघडली तेव्हा वकिलीणबाईंचं, डॉक्टरीणबाईंचं, नागप्पाचं, सगळ्यांचं सारखंच तडकलं होतं. कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही.