आप्पांच्या गाडीचं ॲव्हरेज

शिरूरच्या एसटी स्टँडामागं अमजद मिस्त्रीचं गॅरेज होतं. वीस वर्षांत त्याच्यावर एकच आरोप झाला होता, तो म्हणजे गाडी सांगितलेल्या दिवशी मिळत नाही. आणि हा आरोप खरा असल्यामुळं अमजदनं तो कधी मनावर घेतला नव्हता. पण त्या वर्षी, जानेवारीच्या ऐन थंडीत, हौसराव आप्पांनी चौकातल्या पानटपरीवर उभं राहून चारचौघांत जाहीर केलं, की अमजद गिऱ्हाइकांच्या गाडीतलं पेट्रोल काढतो. एवढं बोलून त्यांनी पान तोंडात टाकलं, त्यामुळं पुढं कुणाला काही विचारता आलं नाही.

आप्पा म्हणजे न्हावऱ्याकडचे मोठे बागायतदार. साखर कारखान्याच्या निवडणुकीत संचालक व्हायला उभे होते. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार जे बोलतो त्यातलं लोक फारसं खरं मानत नाहीत, पण दुसऱ्याची बदनामी असली तर अपवाद करतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आपली गाडी अर्धवट उघडलेल्या इंजिनासकट ओढून दुसऱ्या गॅरेजला नेली. कॉलेजातले एक प्राध्यापक स्कूटर द्यायला आले, ते टाकीत काठी बुडवून, काठीवर पेनानं खूण करून, काठी बरोबर घेऊन गेले. नळावर बायकांनी अमजदच्या बायकोला, हसीनाला विचारलं, की तुमच्या घरचा स्टोव्ह हल्ली पेट्रोलवर चालतो का. हसीनानं हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आणि त्या दिवशी अमजदला जेवण गेलं नाही.

मूळ भानगड आप्पांच्या गाडीची. आप्पांनी पुण्याहून लालभडक, स्पोर्टी म्हणतात तसली गाडी आणली होती. बूड जमिनीला टेकायला आलेलं, टायर रुंद, डिकीवर विमानासारखा पंख. इंजिन असं, की पाय नुसता ठेवला तरी गुरगुरायचं. कंपनीच्या पुस्तकात लिटरला चौदा किलोमीटर लिहिलं होतं. आप्पांना सहा-साडेसहा मिळत होते. अमजदनं प्लग पाहिले, एअर फिल्टर बदलला, चाकांतली हवा तपासली, गाडीखाली उताणं झोपून पेट्रोलच्या पाइपाचा इंच न् इंच वास घेतला. गाडीत दोष नव्हता. गाडीत नाही म्हणजे तो मिस्त्रीत असणार, इतका आप्पांचा विचार सरळ होता. तो आणखी तिसरीकडं कुठं असू शकतो, ही शंका त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला आली नव्हती.

अमजद हात पुसत टपरीवर गेला.

“आप्पा, तुम्ही गाडी कशी चालवता ते मला एकदा बघायचंय.”

“कशी म्हंजी? तीस वर्सं चालवतोय. ट्रॅक्टर चालवला, जीप चालवली, ट्रक चालवला.”

“त्येच म्हणतोय मी.”

दत्ता मधे पडला. दत्ता हा आप्पांचा कायमचा कार्यकर्ता; स्वतःची सायकलही नसल्यामुळं गाड्यांतलं त्याला सगळं कळायचं. “अमजदभाई, आप्पांचं गणित पक्कं हाय. गाडी जेवढा येळ चालू, तेवढं पेट्रोल जळतं. म्हणून आप्पा सुसाट मारत्यात. लवकर पोचायचं, लवकर बंद करायची.”

टपरीवरच्या चौघांनी माना डोलावल्या. अमजदनं आधाराला टपरीचा बांबू धरला.

“उद्या दौंडला निघालाय ना आप्पा? मग असं करू. इथं टाकी काठोकाठ भरायची. जाताना तुमच्या मनासारखी चालवा. दौंडात परत काठोकाठ भरू आन् येताना मी सांगंल तशी चालवा. काटा पंचावन्नच्या पुढं न्यायचा न्हाई. ॲव्हरेज न्हाई आलं, तर गॅरेजला कुलूप घालून किल्ली तुमच्या हातात देतो. आलं, तर हितंच उभं राहून सांगायचं, की अमजदनं काय काढलं न्हाई.”

“आन् म्या मधीच तुझं ऐकायचं सोडलं तर?”

“तर मी खरा.”

आप्पांनी चारी बाजूंनी विचार केला. गॅरेजची जागा स्टँडाला लागून होती. “कबूल,” ते म्हणाले.

सकाळी पंपावर टाकी भरली. पेट्रोल तोंडाशी आल्यावर दत्तानं गाडी मागून धरून गदागदा हलवली, बुडबुडे निघाले, आणखी थोडं मावलं. मग आप्पा स्टेअरिंगवर, अमजद शेजारी, दत्ता मागं, अशी मंडळी निघाली. चारी काचा खाली आणि एसी चालू.

“आप्पा, काचा उघड्या असल्यावर एसी कशाला?”

“एसी आपल्याला हाय,” आप्पा म्हणाले. “काचा लोकांसाठी हायेत.”

पहिला फाटा आला. आप्पांनी शंभरच्या वेगावरून असा ब्रेक मारला, की अमजदचं कपाळ काचेला भेटून आलं. फाट्यावर दोन माणसं आणि एक कुत्रं उभं होतं. आप्पांनी हात बाहेर काढून राम राम केला. दोघांनी उलट राम राम केला. मग आप्पांनी पहिला गियर टाकला, एक्सलेटर तळाला नेला आणि गाडी अशी किंचाळत सुटली, की कुत्रं उसात शिरलं.

“एवढी रेस कशाला करता?”

“सुटताना आवाज झाला पायजे. गपचिप गेलं की लोकांना वाटतं, आप्पा थकले.”

अमजदनं खिशातून ऑइलफिल्टरचं रिकामं खोकं काढलं आणि त्यावर पेन्सिलीनं एक रेघ मारली. पुढच्या फाट्यावर दुसरी. दोन फाट्यांच्या मधे काटा एकशेदहावर, फाट्यावर शून्यावर. न्हावरे ते चौफुला एकच एसटी आप्पांनी पाच वेळा मागं टाकली, कारण ते राम राम करायला थांबले की ती शांतपणे पुढं निघून जायची. एसटीचा ड्रायव्हर तिसऱ्या वेळेपासून स्वतःच हात करायला लागला.

शिवाय निवडणुकीचा एक अलिखित कायदा होता. विरोधी पॅनेलच्या मागं गाडी ठेवायची नाही. मारुतराव हे विरोधी उमेदवार. त्यांचं चिन्ह लावलेलं जे दिसेल ते आप्पा हॉर्न दाबून ओलांडत होते. एक जीप ओलांडली, दोन मोटारसायकली ओलांडल्या. पाटसच्या अलीकडं छातीवर मारुतरावांचा बिल्ला लावलेला एक सायकलवाला दिसला, तर त्यालाही आप्पांनी दुसऱ्या गियरात गर्जना करून मागं टाकलं. सायकलवाला घाबरून खाली उतरला. “बघितलं?” आप्पा म्हणाले.

दौंडच्या पंपावर दहा लिटर पेट्रोल मावलं. मीटरवर सहासष्ट किलोमीटर झाले होते. खोक्यावर एकतीस रेघा झाल्या होत्या.

“सहा पॉइंट सहा!” आप्पांना इतका आनंद झाला, की त्यांनी पंपावरल्या माणसालाही राम राम केला. “म्हणलो न्हवतो? पेट्रोल कुठंतरी जातंय!”

“जातंय खरं,” अमजद म्हणाला.

दौंडातलं काम उरकून दुपारी परतीला लागले. काचा वर, काटा पन्नासावर, गाडी टॉप गियरात. पहिली दहा मिनिटं आप्पांचं तोंड, पंगतीत मीठ वाढायला लावलेल्या व्याह्यासारखं झालं होतं.

“आप्पा, लांब गतिरोधक दिसतोय. पाय आत्ताच काढा.”

“आत्ताच? आजून गावबी आलं न्हाई.”

“गाडी आपली आपण जाती तिथवर. तेवढं अंतर फुकट.”

फुकट म्हटल्यावर आप्पा जरा सैलावले. त्यांनी पाय काढला. गाडी खरंच गतिरोधकापर्यंत आली आणि हळूच त्यावर चढून उतरली. पाटसपर्यंत आप्पांनी असे चार गतिरोधक फुकटात खाल्ले. फाट्यांवरचे लोक हात वर करत होते. आप्पा नुसती मान हलवून पुढं जात होते. एका ठिकाणी दोघंतिघं रस्त्याच्या कडेला धावत आले आणि गाडी न थांबता गेलेली पाहून एकमेकांकडं बघत उभे राहिले. दत्ता मागच्या काचेतून हे बघत होता आणि त्याला काहीतरी बरं वाटत नव्हतं.

चौफुला सोडल्यावर पुढं मारुतरावांची प्रचाराची जीप दिसली. टपावर भोंगा, मागच्या बाकावर खुद्द मारुतराव. आप्पांचा पाय आपोआप दाबला गेला.

“आप्पा, काटा,” अमजद म्हणाला.

काटा पंचावन्नवर थरथरत थांबला. जीपही नेमकी तेवढ्याच वेगानं चालली होती. समोरून उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक येत होते. मारुतरावांनी वळून बघितलं, मग पुन्हा डोळे चोळून बघितलं. आप्पांनी वेग कमी करून मागं राहायचं ठरवलं, तर जीपनंही वेग कमी केला. आणि भोंगा बोलायला लागला.

“मतदार बंधू-भगिनींनो! आपल्या पॅनेलच्या पाठीमागं कोण येतंय ते डोळे भरून बघा! हौसराव आप्पांनी मोठ्या मनानं दिलेल्या पाठिंब्याबद्दल मारुतराव त्यांचे जाहीर आभारी आहेत!”

रस्त्याकडेच्या शेतांतली माणसं उठून उभी राहिली. पुढच्या फाट्यावर लोक आधीच गोळा झाले होते. पुढं भोंगा, मागं मुंगीच्या पावलानं लाल गाडी, आत मान ताठ ठेवून बसलेले आप्पा.

अमजदला आतून दया आली. “आप्पा, हाणा पाय. काढा गाडी पुढं. मी काय सुद्धा म्हणणार न्हाई.”

“आन् तू खरा ठरशील.”

“ते तर ठरंनच.”

“तुला खरा करायला म्या खुळा न्हाई!” आप्पा दात खाऊन म्हणाले, आणि मारुतरावांच्या मागं, पंचावन्नच्या आत, बारा किलोमीटर गेले. न्हावऱ्यात, म्हणजे आप्पांच्या खास वस्तीत, जीपवाल्यांनी गुलाल उधळला. त्यातला थोडा आप्पांच्या बॉनेटवर पडला. लाल रंगावर तो दिसला नाही, एवढंच काय ते समाधान.

शिरूरच्या पंपावर टाकीत चार पॉइंट आठ लिटर मावलं. दत्तानं गाडी लाल होईपर्यंत हलवली, म्हणजे दत्ता लाल झाला. आणखी दोन थेंब गेले. पंपावरल्या माणसानंच भागाकार केला. लिटरला पावणेचौदा.

अमजदनं टोपी काढून डोकं खाजवलं. आता बोलायची पाळी आप्पांची होती. आप्पा पंपाच्या आकड्यांकडं असे बघत होते, की जणू ते आकडेही मारुतरावांच्या पॅनेलमधे गेले आहेत. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला.

“माघार?” आप्पा ओरडले. “कोण म्हणलं म्या माघार घेतली? पाठिंबा? कसला पाठिंबा? आरं गाडी... गाडी बिघडली व्हती!”

पावणेचौदा आले काय आणि चाळीस आले काय, अमजदच्या हाताखालून गेलेली गाडी दौंडच्या वाटेवर बिघडली हे तासाभरात तालुक्याला कळणार होतं. कालपर्यंत तो नुसता चोर होता. आता चोर आणि वर अडाणी. तो पुढं झाला आणि आप्पांच्या मोबाइलवर त्यानं आपला ऑइलचा पंजा ठेवला.

“सांगा आप्पा, खुशाल सांगा बिघडली म्हणून. पण उद्या भोंग्यावर काय लागंल तेबी ऐकून ठेवा. ‘एक गाडी ज्यांना नीट ठेवता येईना, ते कारखाना काय ठेवणार?’”

आप्पांनी मोबाइल कानापासून लांब धरला. आतून कुणीतरी “आप्पा? आप्पा?” करत होतं. नवी थाप सुचण्यासाठी लागतो तेवढा वेळ गेला, आणखी थोडा गेला, सुचली नाही.

“दत्ता,” आप्पा शेवटी म्हणाले, “टपरीवर किती लोकं हायेत बघ.”

लोक भरपूर होते. बातमी ऐकून जमले होते. आप्पा टपरीपुढच्या दगडावर चढले. “बंधूंनो, म्या कुणाला पाठिंबा दिलेला न्हाई. म्या ॲव्हरेज बघत व्हतो. ह्या अमजदनं गाडीतनं काय काढलं न्हाई. गाडी चौदा देती. हळू चालवली की देती. देती चौदा, पर आमी घेत न्हाई! आमचा पायच तसला हाय!”

टाळ्या पडल्या. आपल्या नेत्याला चौदा मिळत असताना तो सहावर भागवतो, याचा काही जणांना अभिमान वाटला. डॉक्टर गर्दीत मागं उभे होते; त्यांनी अमजदकडं बघून घसा साफ केला आणि उद्या इंजिनाचं बघू, असं हातानं खुणावलं.

अमजद गॅरेजकडं वळला, तर आप्पांनी गाडीचं दार उघडून धरलेलं.

“बस.”

“आता कुठं?”

“हितं सांगून काय उपेग? न्हावऱ्याला कोण सांगणार? चौफुल्याला कोण सांगणार? जिथं जिथं लोकांनी बघितलं, तिथं तिथं तू सांगायचं.”

मग काचा खाली झाल्या, एसी चालू झाला, आणि अंधार पडायच्या आत अमजदनं एका फाट्यामागून एक असे एकतीस फाटे घेतले. दर ठिकाणी ब्रेक, कपाळाला काच, मग खाली उतरून तेच भाषण: आप्पांनी माघार घेतलेली नाही, गाडी धडधाकट आहे, पेट्रोल कुणी काढत नाही, ते आप्पांच्या पायाखाली जळतं. मागून आप्पा “बरोबर हाय!” म्हणत होते. अब्रू एवढ्या गावांत, आणि तीही दुसऱ्याच्या पेट्रोलवर परत मिळालेला मिस्त्री जिल्ह्यात दुसरा नसेल. सातव्या-आठव्या फाट्यापासून अमजदला भाषण चांगलं जमायला लागलं. लोक हसत होते, मधेच त्याला आपल्या ट्रॅक्टरच्या तक्रारी सांगत होते.

शेवटच्या फाट्यावर सोजरबाई नावाची म्हातारी वैरणीचा भारा टेकवून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती खिडकीशी आली.

“आप्पा, समदं समजलं. एवढंच सांगा, निवडणुकीला उभं कोण हाय? तुम्ही, का ह्यो मिस्तरी?”

“म्या उभा हाय की!”

“आस्सं व्हय,” सोजरबाई म्हणाली. तिनं अमजदला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि भारा उचलला. “मला वाटलं ह्यो हाय. ह्यो असता तर दिलं असतं मत.”

अमजद आत येऊन बसला. आप्पांनी म्हातारीला राम राम केला, पहिला गियर टाकला, आणि गाडी बिलकूल आवाज न करता काढली.