पेटी आणि होकायंत्र

भरतने होकायंत्र लाकडी पेटीतून उचलून काढलं आणि मागच्या अंगणातल्या दगडावर बसून चिंचेच्या कोळाने घासायला घेतलं. दुर्बीण आणि बोटीवरचा कंदील आधीच घासून झाले होते. उन्हात दोन्ही असे झळकत होते की जाणाऱ्या-येणाऱ्याने थबकून बघावं.

मुरबाडला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि जुन्या वस्तूंचा नाद होता. जुनं पितळ घासायचं नाही, त्याचं मोल त्याच्या काळपटपणात असतं, असं तोच दहाजणांना ऐकवत असे. आज मात्र त्याने बाह्या सरसावल्या होत्या.

वडिलांचं, देवजींचं, वर्षश्राद्ध कालच झालं होतं. देवजी हयातभर मुंबईला दारूखाना बंदरात जुनी जहाजं तोडायच्या कामावर होते. तिथून सुट्टीला आसनगावजवळच्या या घरी येताना भंगारातली एखादी वस्तू मागून आणायचे. आज त्या वस्तूंचे वाटे व्हायचे होते. घरची रीत अशी, की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. ज्याने ही रीत काढली त्याला माणसं चांगलीच ठाऊक असणार. थोरल्याने लबाडी करून चांगलं सगळं एकीकडे टाकलं, तर धाकटा नेमकं तेच घेऊन जातो.

पण भरतला हवी होती ती पेटी. नुसती, रिकामी पेटी.

तिच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. साहेबाच्या राज्यातल्या कुठल्याशा साप्ताहिकातलं व्यंगचित्र. होडीत एक ढेरपोट्या साहेब पोत्यांच्या राशीवर बसलाय, होडी बुडायला आलीय, आणि तो वल्हवणाऱ्या हडकुळ्या माणसांना पाण्यात उतरायला सांगतोय. वर डोलकाठीला एक पोरगा चिकटलाय. त्याच्या डोळ्याला दुर्बीण. देवजींना इंग्रजी येत नव्हतं. पण धाकट्या संदेशला मांडीवर घेऊन ते झाकण उघडायचे आणि त्या चित्राच्या गोष्टी सांगायचे.

भरतला पाचवीपासून मुरबाडला मामाकडे शिकायला ठेवलं होतं. सुट्टीत तो घरी यायचा तेव्हा ओटीवरून हसण्याचे आवाज ऐकू यायचे. त्याने उंबऱ्यात पाय ठेवला, की देवजी झाकण मिटायचे. "मार्क किती पडलं?" एवढंच विचारायचे. तेव्हापासून भरतच्या पोटात जे दुखायला लागलं, ते आज पन्नाशीतही थांबलं नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर त्याने त्या काळची कितीतरी व्यंगचित्रं चौकटीत घालून लावली होती. लोकांना वाटे, काय रसिक माणूस आहे! रसिक कसला, एक चित्र मिळालं नाही म्हणून बाकीची गोळा करत होता.

दुपारी त्याने घोंगडीवर वाटे मांडले. एकीकडे होकायंत्र, दुर्बीण, कंदील, सगळं लखलखीत. दुसरीकडे चीर गेलेली घंटा आणि पेटी. पेटीवरची धूळ त्याने मुद्दाम पुसली नव्हती.

आई, ताराबाई, भिंतीला टेकून बसली होती.

"येवढं लख्ख कोनी केलं रे?"

"मीच. म्हटलं, संदेशच्या घरात शोभंल."

"आनि होकायंत्र पेटीतून काढलंस व्हय? जोडी व्हती ती."

"वाटे सारखे नको का पडायला?"

आईने त्या धुळकट पेटीकडे एकदा पाहिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेव्हा घरातली म्हातारी माणसं बहुधा जागीच असतात.

संदेश खळ्यावरून आला, हातपाय धुऊन घोंगडीपाशी उकिडवा बसला. त्याने होकायंत्राकडे पाहिलंच नाही. सरळ पेटी ओढली आणि झाकण उघडलं. संदेश बराच वेळ आत बघत राहिला, स्वतःशीच हसला. मग एकदा त्याने भरतकडे पाहिलं आणि झाकण अलगद मिटलं.

"मी ह्ये घेतो," म्हणत त्याने होकायंत्र उचललं.

"बघून उचल हां," आई म्हणाली. "मंग कुरकुर नाय पायजे."

"बघितलं की."

भरतला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली तरी आनंद कमी झाला नाही. चहालासुद्धा न थांबता त्याने पेटी आणि घंटा गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात गल्ल्याशेजारी पेटी उघडून ठेवली. भिंग घेऊन चित्राखालची इंग्रजी ओळ वाचली: 'होडी फार जड झाली आहे, वल्हवणाऱ्यांनी उतरावे.' चित्र कशावर आहे, कोणाला टोमणा आहे, सगळं त्याला कळलं. कागद, शाई, छपाई, तेही कळलं. संध्याकाळपर्यंत त्याने ते दहादा पाहिलं. हसू एकदाही आलं नाही. या चित्रात मांडीवर बसून खदखदून हसण्यासारखं होतं तरी काय?

त्याची बायको जयश्री डबा न्यायला आली.

"मिळाली ना एकदाची? मग असं तोंड का केलंय?"

त्याने डबा तिच्या हातात दिला. ती गेल्यावर त्याने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. संदेशला काही विचारायचं म्हणजे त्याला नाक मुठीत धरल्यासारखंच वाटायचं.

"संद्या, त्या चित्राची गोष्ट काय सांगायचे रे बाबा?"

पलीकडे संदेश हसला. "कंची? लई व्हत्या. रोज नवीन."

"त्या जाड्या सायबाची."

"सायबाची कुठली? सायबाला कोन इचारतो! गोष्टी समद्या त्या वरल्या पोराच्या. दुर्बीणवाल्या."

"त्याच्या काय?"

"त्यो दर्यावर शिकायला गेलाय. वरून त्याला आपलं घर दिसतं, आई भाकऱ्या थापते ती दिसते. सायबाची टोपी उडवतो, मासं पकडतो, काय काय करतो. आनि शाळा सुटली का खाली उतरून घरी येनार. भरत नाव त्याचं."

भरतच्या हातातलं भिंग चित्रावर तसंच राहिलं.

"मला कधी सांगितलं नाय त्यांनी."

"तुला कसं सांगतील? तू आलास का लाजायचे ना. झटक्यात झाकन मिटायचे." मग त्याने हाक मारली, "दादा? हायस का?"

दारात एक गिऱ्हाईक खिळे मागत उभं होतं. भरतने त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

"हाय," तो म्हणाला. "एखादी सांग ना. पहिल्यापासनं."