एवेलियोची उजवी काच

जुन्या चादरीवर सामान मांडलेलं होतं. सपाट काचा दोन, रबर दोन, मधल्या उभ्या पट्टीचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग, वायपर दोन, स्क्रू चौदा. चौदांपैकी अकरा गाडीचे मूळचे, उरलेले तीन एका मोडक्या शिलाई मशीनमधून काढलेले. शिवाय सुती दोरी आणि अर्धी बादली साबणाचं पाणी. एवेलियोने सगळं दोनदा मोजलं. मोजत असताना अंगणाच्या दाराकडे बघावं लागत नव्हतं, आणि दारातून एरास्मो येत होता.

सान्तियागोत काच कापणारे आणखीही होते. पण कापलेल्या काचेची कड घासून १९४८ च्या शेवर्लेत ती स्वतः बसवून देणारा, लोस ओयोस वस्तीत एरास्मो एकटाच. वादळात आंब्याची फांदी पडून पुढच्या दोन्ही काचा गेल्यापासून एवेलियोची टॅक्सी अंगणात उभी होती. दुसरा इलाज नव्हता.

लग्नाआधी एवेलियोची बायको नेरेइदा कार्निव्हलच्या मिरवणुकीत नाचायची आणि तिच्या पुढे चिनी सनई वाजवत चालायचा तो एरास्मो. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या वस्तीने ते पाहिलं होतं. एवेलियोनेही पाहिलं होतं, फुटपाथवर उभं राहून. त्याला ठेका धरता येत नसे.

"काय रे एवेलियो, गाडीचा मोतीबिंदू काढायचाय म्हणे?" एरास्मोने टोपी गाडीच्या आरशाला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या नेरेइदाकडे वळला. "आणि तू कशी आहेस, राणी?"

तो सगळ्यांनाच राणी म्हणायचा. भाजीवालीला, शेजारच्या बिनदाताच्या डिग्नालासुद्धा. एवेलियोला हे माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नव्हता.

नेरेइदाने कॉफी आणली. पहिला कप एरास्मोला दिला. पाहुणा आहे, एवेलियोने स्वतःला समजावलं. मग तिने साखर किती घालू ते न विचारताच घातली, हेही त्याने पाहिलं.

"दोरी मी ओढतो," तो म्हणाला.

"तू? हे अंगठे बघ स्वतःचे! रबर फाटलं तर दुसरं कुठून आणू, आकाशातून?" एरास्मो हसला. "नेरेइदा ओढेल. दवाखान्यात टाके घालून घालून तिचा हात हलका झालाय."

काम असं असतं: काचेला चारी बाजूंनी रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी बसवायची आणि काच बाहेरून चौकटीत टेकवायची. गाडीत बसलेल्याने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत येते. जिथे दोरी निघेल नेमक्या तिथेच बाहेरच्याने तळहाताने दाब द्यायचा. आधी नाही, नंतरही नाही.

डावी काच त्या दोघांनी बसवली. नेरेइदा आतून काचेवर नखाने टक करायची, बाहेरून तिथेच एरास्मोचा तळहात पडायचा. टक, थाप. टक, थाप. वरच्या कोपऱ्याशी येईपर्यंत त्याचा ठेका झाला होता. नेरेइदाचा खांदा हलायला लागला आणि एरास्मोने गाल फुगवून तोंडानेच सनई वाजवली. दोघं हसली. दोघांच्या मध्ये फक्त काच होती, तीही इतकी स्वच्छ की नसल्यासारखी.

एवेलियो हातात चौदा स्क्रू धरून उभा होता. मूठ उघडली तेव्हा तळहातावर त्यांचे ठसे उमटले होते.

"दुसरी मी बसवणार," तो म्हणाला. "गाडी माझी आहे."

"बसव की. मी सावलीत बसून आंबा खातो."

एरास्मो खरंच आंबा घेऊन बसला. नेरेइदाने आतून टक केलं. एवेलियोने थाप मारली, पण वीतभर पुढे.

"माझ्या बोटाकडे बघ ना," ती आतून म्हणाली. "तोंडाकडे काय बघतोस?"

तो तिच्या तोंडाकडेच बघत होता. तिची नजर त्याच्या खांद्यावरून सावलीकडे जाते का, हे बघत होता. एकदा गेली. त्याच क्षणी त्याने सगळा जोर लावला.

"थांब, थांब! खाली कोपऱ्यात कड दुमडली."

"काही दुमडली नाही."

"मला दिसतंय, एवेलियो."

"काय झालं?" सावलीतून आवाज आला.

"काही नाही!" एवेलियो ओरडला. "तू खा तुझा आंबा!"

नेरेइदाने त्याच्याकडे पाहिलं, उरलेली दोरी ओढून काढली आणि ती गुंडाळत बसली. एवेलियोने मधली पट्टी लावली, चौदाही स्क्रू आवळले, वायपर चढवले. लांबून दोन्ही काचा सारख्याच दिसत होत्या.

एरास्मो हात धुऊन आला. "आता पाणी. बादली बादली दोन्हीकडे ओतू. आत डॅशबोर्डवर जे साठेल ते मोजायचं. नेरेइदा, तुझी सिरिंज आण."

एवेलियोने स्वतः बादली उचलली. डाव्या काचेवर त्याने पाणी कडेकडेने, शोधून शोधून ओतलं. स्वतःच्याच गाडीची काच गळावी असं त्याला मनापासून वाटत होतं. थोडी तरी. नेरेइदाला दिसेल एवढी तरी.

"पाच मिलीपर्यंत चालतं," एरास्मो सांगत होता. "त्यावर गेलं तर खाली वायरी भिजतात. मग काच काढून पुन्हा बसवावी लागते. ते मात्र माझं काम, दुसऱ्यांदा मी कुणाला हात लावू देत नाही. रविवारी येईन. राणी, रविवारी तुला सुट्टी असते ना? दोरी तुलाच ओढावी लागेल."

"असते," नेरेइदा म्हणाली.

एवेलियोचा हात थांबला. आता कुठलीच काच गळायला नको होती, ना डावी, ना उजवी. त्याला तो खालचा कोपरा आठवला. आत्ता सांगितलं तर तो आत्ताच नीट करता आला असता. पण सांगायचं एरास्मोला होतं. त्याने उजवीकडची बादली अगदी मधोमध, हलक्या हाताने ओतली.

"काचेला अंघोळ घालतोयस की बाप्तिस्मा?" एरास्मोने त्याच्या हातातली बादली घेतली आणि उरलेलं पाणी कडेने फिरवून ओतलं.

नेरेइदा आत बसली. तिने आधी डावीकडे बोट फिरवलं आणि ते एवेलियोला दाखवलं. कोरडं. मग उजव्या कोपऱ्यात सिरिंज टेकवली, सावकाश दट्ट्या ओढला आणि ती उजेडात धरली.

सतरा मिलीलिटर.