आजीचं ऐकू नकोस

"अहो आई, पुरे आता! कातडी सोलून काढणार का?" बाळाला पाजता पाजता सून सबाह ओरडली.

नफीसा मोरीत बसून फरशी पुसायच्या क्लोरीननं हात घासत होती. सकाळपासून कितव्यांदा, कोण जाणे! आज नातवाचा सातवा दिवस. चाळणीत निजवलेल्या बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवायचा मान आजीचा, आणि या आजीच्या रक्तात तो मेला हिपॅटायटिस ठाण मांडून बसलेला. दर आठवड्याच्या इंजेक्शननं हुडहुडी भरायची, हाडं ठणकायची, उशीवर केसांचे पुंजके उरायचे. तेही सोसलं असतं तिनं. पण आपल्यापायी या चिमण्या जिवाला लागण झाली तर?

"उम्म रजब, हे रक्तातून पसरतं," तंता शहरातल्या डॉक्टरांनी नफीसाला बजावलं होतं. "शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. ब्लेड, ब्रश वेगळा ठेवा, जखम झाकून ठेवा. झालं!"

नफीसानं मान डोलावली आणि घरी येऊन पेला, चमचा, टॉवेल, सगळंच वेगळं काढलं. वर हे क्लोरीन. हातांना भेगा पडल्या, तरी हिचं घासणं चालूच. बाळाला अजून एकदाही उचललं नव्हतं.

"सोन्याचा आहे का गं नातू, हात लावत नाहीस तो?" शेजारच्या अतियातनं आल्या आल्या टोमणा मारला.

"गप गं भवाने, दृष्ट लावशील!"

बायका जमल्या, बाळाला चाळणीत निजवलं, मेणबत्त्या लागल्या. पोरांनी चणे-शेंगदाण्यांवर झडप घातली. नफीसानं बत्ता उचलला. ठण्ण! "बाळा, आईचं ऐक!" ठण्ण! "बापाचं ऐक!" बायका खिदळल्या, कारण पुढची, आजीच्या थट्टेची शेवटची ओळ सगळ्यांना पाठ होती.

तेवढ्यात तळहात चरचरला. भेग उलली होती. बत्त्यावर लाल ओघळ आला.

कुणीच पाहिलं नव्हतं. मूठ आवळून उरकता आलं असतं. चाळण हातभर अंतरावर होती.

"थांबा!" ती किंचाळली. "रक्त आलंय माझ्या हाताला. बाळाला उचला! अगं, उचल ना त्याला!"

अतियात दोन पावलं मागे सरली. नफीसा बत्ता घेऊन पार उंबऱ्याबाहेर गेली आणि ओढणीच्या टोकात हात करकचून गुंडाळून उभी राहिली. रडू आवरत नव्हतं.

सबाहनं बाळ उचललं. अंगावरचं दुपटं उलटसुलट करून पाहिलं. मग उंबऱ्याकडे वळली.

"डाग नाहीये कुठं. आई, शेवटचं राहिलंय तुमचं."

"खलबत्ता नाही आता."

"तोंड आहे ना? एरवी कालव्यापलीकडे ऐकू जातं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नफीसानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, मान तेवढी आत घातली.

"बाळा," तिचा आवाज फाटला, "आजीचं मात्र ऐकू नकोस!"

बाळ दचकलं आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवू लागलं.