विषय : विजयमाला न चालणे

कमलाकर सोलापुरात एका कचेरीत कारकून होता आणि घरातही तो कारकूनच असे. १९७६च्या दिवाळीनंतर त्याने आपल्या पंधरा महिन्यांच्या मुलीची रीतसर फाइल उघडली. विषय : विजयमाला न चालणे.

कारण शेजारी होते. रेवणप्पांचा नातू तिच्याच दिवशी जन्मलेला, आणि तो आता कमलाकरच्या चपला घालून अंगणभर हिंडे. विजयमाला पलंग धरून उभी राही, बस्स. त्यात कमलाकरने एका जुन्या मासिकात ऑटिझम नावाच्या विकाराबद्दल वाचले. अशी मुले हाकेला वळत नाहीत म्हणे. मग तो रोज सकाळी सातला वर्तमानपत्राआडून हाक मारू लागला, "विजयमाला!" पोरगी ढिम्म. फाइलमध्ये नोंद : प्रतिसाद निरंक. सलग एकवीस दिवस निरंक!

आईच्या थंडपणामुळे असे होते, असेही त्या लेखात होते. तेवढे त्याने बायकोला, लीलाला, मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हापासून लीला पोरीला घास भरवतानाही कचरायची. शेवटी एके दिवशी तिने पोरीला कडेवर घेतले आणि पालिकेचा दवाखाना गाठला. मागोमाग कमलाकर, फाइलसह.

तिथे सोनाबाई नर्स होत्या. दिवस भरण्याच्या दोन महिने आधी जन्मलेल्या या दीड किलोच्या पोरीला त्यांनीच कापसात गुंडाळून, चमच्याने दूध पाजून जगवले होते. त्यांनी अख्खी फाइल वाचली आणि त्या हसल्या नाहीत. केवढा हा संयम!

"सायेब, कचेरीत टेंपरवारी म्हैने सीनियॉरिटीत धरत्यात का?"

"छे! कायम झाल्या तारखेपासून."

"मग हिचं आधीचं दोन म्हैने टेंपरवारी. हिचं वय तेरा म्हैने. तेरा म्हैन्यांची पोर धरून उबी ऱ्हाती, झ्याक हाय की!"

नियम म्हटल्यावर कमलाकरने मान डोलावली. "पण हाकेचं काय?"

"मारा बगू."

"विजयमाला!" पोरगी सोनाबाईंच्या बांगड्यांत दंग.

"घरात काय म्हनता गं हिला?"

"चिमणे," लीला हळूच म्हणाली.

पोरगी गर्रकन वळली, हसली, तिने खिडकीबाहेरच्या शेळीकडे बोट केले आणि पुन्हा आईकडे पाहिले : बघितलंस का?

बारशानंतर या हाकांपर्यंत 'विजयमाला' हे नाव घरात कोणी उच्चारलेच नव्हते! कमलाकर एकवीस दिवस एका अनोळखी बाईला हाका मारत होता.

"ही नजर, हे बोट बगायचं," सोनाबाई म्हणाल्या. "माझ्या भाचीचं, येडूचं, पोरगं पुऱ्या दिवसांचं, अकराव्या म्हैन्यात चाललं. पन आईच्या तोंडाकडं बगत न्हाय, कुठल्याच नावाला वळत न्हाय, आलेलं शब्दबी गेलं. लोक म्हनतात, चालतंय की! मीच कान तपासून मोट्या डाक्टरकडं धाडलं. त्येच्या आईचा दोष न्हाय, हिचाबी न्हाय. लवकर आलेल्या लेकरालाबी तसं असू शकतं, म्हनून हिला दर दोन म्हैन्यानं दावायला आना."

कमलाकरने पेन काढले. फाइलमध्ये लिहिले : चूक वडिलांची. मग लीलाकडे वळून म्हणाला, "ते मी वाचून दाखवायला नको होतं." कित्येक दिवसांत पहिल्यांदा लीलाने मान वर केली.

नागरिकहो, लवकर आलेल्या बाळाचे वय बाळंतपणाच्या ठरल्या तारखेपासून मोजा. पाय थोडे मागे राहिले तर दाखवत राहा आणि धीर धरा. पण नजर, हाक किंवा बोट यांची शंका आली तर थांबू नका. आणि आईला आरोपी करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वर्तमानपत्राआडून हाक आली, "चिमणे!" पोरगी रांगत आली, वर्तमानपत्र धरून उभी राहिली आणि बाबाकडे बघून खुदकन हसली.

फाइलमधली शेवटची नोंद : प्रतिसाद मिळाला. वर्तमानपत्र फाटले.